उंबऱ्याबाहेरचा शेंदूर

गयाबाईच्या घरात शेंदूर यायचा नाही, असा कायदा होता. कायदा करणारी तीच, राबवणारी तीच, आणि कुणी मोडलाच तर तोंडाचा पट्टा सोडणारीही तीच. भिलाईच्या कॅम्पात पत्र्याच्या खोल्या एकमेकींना इतक्या चिकटून होत्या की एका घरात फोडणी पडली तर चौथ्या घरात ठसका लागे. तेव्हा हा कायदाही साऱ्या ओळीला तोंडपाठ होता. संध्याकाळी जानराव कारखान्यातून परतला की शेजारच्या बायका हातातलं टाकून दारात येत. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"थांब तिथंच," गयाबाई उंबऱ्यावरून म्हणे.

"थांबलोच हाय, आई."

"हात दाखव."

जानराव दोन्ही हात पुढे करी. हात कसले, कोपरापर्यंत शेंदरानं माखलेले खांब. दाराबाहेर पाण्याचा एक ड्रम ठेवला होता. तिथं उभं राहून त्यानं आधी मातीनं, मग साबणानं हात घासायचे, नखं काडीनं कोरायची, डोक्यावरून पाणी घ्यायचं, कामाचे कपडे तारेवर टाकायचे आणि मगच आत यायचं. पोरगं चोवीस वर्षांचं, अंगानं भरलेलं. पण आईपुढं शाळेतल्या मुलासारखं हात उलटेपालटे करून दाखवी.

"कानामागं राहिला अजून."

"कानामागं कोण पाहते आई?"

"मी पाहून राहिली ना!"

आता शेंदरावर गयाबाईचा एवढा राग कावून? तर त्याला कारण होतं. पवनीकडं वैनगंगेच्या काठी त्यांचं गाव. वस्तीच्या टोकाला मरीआईचा धोंडा होता, आणि त्याची पूजाअर्चा पिढ्यान्‌पिढ्या गयाबाईच्या सासरघरी. वर्षानुवर्षं शेंदराचे थर चढून आतला मूळ धोंडा लिंबाएवढा की नारळाएवढा, हे कुणाच्याच ध्यानात राहिलं नव्हतं. छप्पन साली दसऱ्याला सारी वस्ती नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आली. यापुढं देवीदेवतांना मानणार नाही, पूजणार नाही, अशी शपथ झाली. घरातले टाक, फोटो सगळे नदीत गेले. मरीआईच्या धोंड्याला मात्र हात कोण लावणार, म्हणून बाप्ये एकमेकांच्या तोंडाकडं पाहत उभे राहिले. तेव्हा विधवा गयाबाई पुढं झाली, धोंडा पदरात घेतला, गळ्याइतक्या पाण्यात गेली आणि सोडून दिला. शपथेला खरी उतरलेली बाई म्हणून तिचं नाव पंचक्रोशीत झालं. सोडताना ती तोंडातल्या तोंडात "जा माय, माझ्यावर रुसू नको," एवढं म्हणाली होती. पण ते नदीशिवाय कुणी ऐकलं नाही.

पुढच्याच वर्षी मायलेक भिलाईला आले. इथं मैलोन्‌मैल मुरूम उकरून पोलादाचा कारखाना उभा राहत होता, आणि काम करणाऱ्या हाताला जात विचारायला कुणाला फुरसत नव्हती. जानरावचा हात मुळात सुरेख. गावात भिंतींवर 'जय भीम'ची अक्षरं तोच काढायचा, पट्टी न लावता सरळ. एका ठेकेदारानं त्याला रंगाच्या गँगवर घेतलं. पहिल्याच दिवशी संध्याकाळी पोरगा लाल हातांनी दारात उभा राहिला, आणि गयाबाईच्या हातातलं पीठ परातीत तसंच राहिलं.

"हा शेंदूर कुठून आणला रे?"

"कारखान्यातला हाय. लोखंडाले लावतो आमी."

"लोखंडाले? लोखंडाचा का मारुती करून राहिले तिथं?"

जानराव पोट धरून हसला. मग त्यानं समजावलं. शेडच्या तुळया, खांब उभे करायच्या आधी तारेच्या ब्रशनं घासायचे आणि शेंदराचे दोन हात द्यायचे. म्हणजे गंज चढत नाही. शेंदराची भुकटी पिंपातून येते, ती जवसाच्या तेलात खलायची. रशियन साहेबही हेच लावायला सांगतात.

"जवसाच्या तेलात?" गयाबाईला शेंदरापेक्षा जवसाचं जास्त लागलं. जवसाची चटणी म्हणजे तिचा जीव की प्राण. "त्या बिचाऱ्या जवसानं काय पाप केलं होतं? ते काई असो. तिकडं लोखंडाले लाव नाईतर सोन्याले लाव. शपथ घेतली हाय आपण. माझ्या उंबऱ्याच्या आत शेंदूर येणार नाई."

हा त्या कायद्याचा जन्म. तो वर्षभर चालला. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. गयाबाईचा तर सुंभही शाबूत होता.

मग घरात सून आली. ललिता डोंगरगडची, बाप रेल्वेत गँगमन, स्वतः सातवी शिकलेली. बोलायची कमी, पण बोलली की खिळा ठोकल्यासारखं पक्कं बोलायची. पहिले काही दिवस तिनं ड्रमाजवळचा तमाशा मुकाट्यानं पाहिला. पौषातली एक संध्याकाळ होती. गार वारा सुटलेला, जानराव ओल्या अंगानं काकडत उभा, शेजारच्या दोघी पदर तोंडाला लावून हसत होत्या आणि गयाबाई उंबऱ्यावरून हुकूम सोडत होती, "घास, अजून घास."

ललिता मागं येऊन हळूच म्हणाली, "आत्याबाई, तुमाले कोणी असं बाहेर उभं ठेवलं होतं का कधी?"

गयाबाई वळली नाही.

ठेवलं होतं ना. वाण्याच्या दुकानापुढं भर उन्हात, वरून पदरात मीठ टाकेपर्यंत. विहिरीपासून दूर, रिकामी घागर घेऊन, कुणाला दया येऊन तो पाणी ओतेपर्यंत. बाळंतीण असताना, कडेवर हाच जानराव असताना, पावसात पाटलाच्या वळचणीच्याही बाहेर. तिचं अर्धं आयुष्य कुणाच्या ना कुणाच्या उंबऱ्याबाहेर गेलं होतं. आणि आज उंबऱ्यावर ती उभी होती आणि बाहेर तिचा पोरगा. शेजारणी हसत होत्या त्या उगाच नव्हे. तिला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

तिनं पुढं होऊन ओल्या जानरावचा दंड धरला. "चाल बाबा, आत चाल," ती म्हणाली. "राहिला तर राहू दे."

त्या दिवसापासून कायदा मोडीत निघाला. जानराव थेट आत येऊ लागला. वरवर हात धुतले न धुतले की पाटावर बसे, आणि गयाबाई गरम भाकरी त्याच्या ताटात टाकी. नखांत शेंदूर, बोटांच्या रेघांत शेंदूर. त्याच बोटांनी तो भाकरी मोडी, आणि आधीच्या वर्षाची भरपाई करावी तशी ती त्याला आग्रह करून वाढी. कामाचे कपडे आता घरातल्याच खुंटीवर टांगलेले असत. शपथेचं काय, हा प्रश्न तिला अधूनमधून टोची. पण शपथ माणसाला माणूस करायला घेतली होती, पोराला बाहेर ठेवायला नाही, असं ती स्वतःला सांगे आणि अजून एक भाकरी टाकी. ते तीन-चार महिने त्या घरातले सगळ्यात सुखाचे. खोटं कशाला बोला?

चैत्रात जानराव एके दिवशी जेवता जेवता थांबला. "आई, भाजीत गूळ घातला का?"

"वांग्याच्या भाजीत गूळ? येडा झाला का?"

"तोंड गोड गोड लागते. लोखंडासारखं गोड."

मग पोट दुखू लागलं. साधं नाही, आतून कुणी पिळा घालावा तसं. पोरगा गुडघे पोटाशी घेऊन पडून राही. गयाबाईनं ओवा दिला, एरंडेल दिलं, गरम विटेचा शेक दिला. चेहरा राखेसारखा झाला. आणि एका सकाळी चहाचा पेला त्याच्या हातून निसटला. दुसऱ्या दिवशी पुन्हा निसटला. तिसऱ्या वेळी गयाबाईनं त्याचा उजवा हात हातात घेऊन पाहिला, तर मनगटापासून पंजा मोडलेल्या फांदीसारखा खाली लोंबत होता.

"वर कर."

जानरावनं ओठ आवळले. कपाळावर घाम आला. पंजा काही वर झाला नाही.

भिंतीवर सरळ अक्षरं काढणारा हात तो. रंगारी माणसाचा हात गेला की मागं राहिलं काय? ललिता तोंड फिरवून चुलीशी गेली. गयाबाईच्या मनात मात्र एकच गोष्ट लखलखीत उभी राहिली, आणि मन चिंती ते वैरी न चिंती. ती आली. वैनगंगेत सोडलेली बाई शोधत शोधत भिलाईपर्यंत आली. वर्षभर मी तिला उंबऱ्याबाहेर थोपवून धरली. आणि ज्या दिवशी शेंदूर घरात घेतला, त्या दिवशी ती पोराच्या हातावर बसून आत आली. हात मी लावला होता, माझा घ्यायचा. पोराचा कावून घेतला?

हे ती कुणापाशी बोलणार? वस्तीत तिचं नाव होतं.

एका दुपारी ललिताला लाकडं आणते म्हणून सांगून ती मरोद्याकडं गेली. तिथं गावाबाहेर कडुनिंबाखाली छत्तीसगढी लोकांची शीतला आहे. तीच धोंड्याची, तीच शेंदराची. गयाबाई समोर उभी राहिली. तिनं हात जोडले नाहीत, मान लवू दिली नाही. शपथ वाकायची नाही अशी होती, बोलायचं नाही अशी नव्हती, एवढी पळवाट तिनं रस्त्यानं येता येता शोधून ठेवली होती.

"तू ती नाई, मले ठाऊक हाय," ती धोंड्याला म्हणाली. "पण बहीण असशील तिची. तिले सांग. पोराचा हात उचल म्हणा. हात उचलला तर मी येईन, अन् माझ्या हातानं तुले शेंदूर चढवीन. मंग मले लोक काईही म्हणोत."

बोलून झालं, आणि तिला रडू फुटलं. पार झाडणारी एक बाई झाडू टाकून जवळ आली. "का होगे दाई? काबर रोवत हस?"

"कुछ नई बाई," गयाबाई डोळे पुसत म्हणाली, "धूल गई आँख में."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. दारात सायकल थांबली आणि चष्मा लावलेला एक तरुण साहेब उतरला. शामसुंदर बोकारे त्याचं नाव. नागपूरचा, कारखान्याच्या प्रयोगशाळेत रसायनवाला. रंगांची परीक्षा घेणं हेच त्याचं काम. लोखंडाच्या हातभर पट्ट्यांवर तो वेगवेगळे रंग लावून घेई, प्रत्येकीवर चाकूनं फुलीचा ओरखडा काढी आणि कोळशाच्या भट्ट्यांच्या धुरात उघड्यावर टांगून ठेवी. ओरखड्यातून कुठली पट्टी आधी गंजते, ते रोज जाऊन पाही. पट्ट्या रंगवायला त्यानं साऱ्या गँगमधून जानरावला निवडलं होतं, कारण त्याचा हात कागदासारखा सपाट फिरे.

"मागच्या महिन्यातल्या पट्ट्यांवर वळ उठलेत," बोकारे पाटावर बसता बसता म्हणाला. "मी आधी चिडलो. म्हटलं, पितो की काय हा? मग काल याला ब्रश दोन्ही हातांनी धरताना पाहिलं. जानराव, हात पुढं कर."

जानरावनं केले. उजवा पंजा लोंबला. डावाही थोडा कलला, हे गयाबाईनं आजच पाहिलं. बोकाऱ्यानं त्याचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या. दातांच्या मुळाशी निळसर काळी रेघ होती.

"शिसं," तो म्हणाला.

"काय?"

"शेंदूर म्हणजे शिसंच असतं, मावशी. भाजून भाजून लाल केलेलं. जवसाच्या तेलाशी त्याचं असं जमतं की लोखंडावर साबणासारखा चिवट थर धरतो, पाण्याला आत शिरू देत नाही. याच्याहून चांगलं काही आजवर सापडलं नव्हतं, म्हणून सारं जग हेच लावतं. पण तोच नखातून, घासातून पोटात गेला की रक्तात उतरतो. पोट पिळतो, हाताच्या नसा मारतो."

"म्हणजे शेंदरानंच केलं?" गयाबाईनं विचारलं.

"शेंदरानंच."

"कोणी धाडला नाई? कोणी कोपलं नाई?"

बोकाऱ्याला प्रश्न कळला नाही. "कोण कोपणार? साधा धुतला असता तर..." बोलता बोलता तो थबकला आणि जानरावकडं वळला. "एक मला उमगत नाही. तुझ्या गँगमधले तिघे वर्षभरातच पोट धरून गावी गेले. तू त्यांच्याहून जास्त शेंदूर खललास. तुला वर्षभर काहीच कसं झालं नाही? आणि आता, या चार महिन्यांत काय बदललं?"

खुंटीवर जानरावचा कामाचा सदरा टांगला होता, लाल बाह्यांचा. त्याच्याखालीच पिठाचा डबा. ललिताचं लक्ष सदऱ्याकडं गेलं, मग डब्याकडं, मग बाहेरच्या ड्रमाकडं. तिचा चेहरा पांढराफटक पडला.

"मी बोलली होती," ती म्हणाली. "बाहेर उभं ठेवू नका म्हणून मीच बोलली होती."

आणि ही कधी न रडणारी पोरगी भिंतीला डोकं टेकून हमसाहमशी रडू लागली. जानराव तिच्याकडं पाहतच राहिला. हात उचलून तिला थोपटावं तर हात उचलत नव्हता. उठली ती गयाबाई. तिनं सुनेचं डोकं आपल्या खांद्यावर घेतलं.

"उगी. तू खरं बोलली होती. खरं बोलण्याचं पाप नसते पोरी. माझा कायदा बरोबर होता अन् कारण चुकलं होतं. तुझं कारण बरोबर होतं. आता दोगी मिळून काई तरी करू."

मग तिनं बोकाऱ्याला विचारलं. तिला एवढंच विचारायचं होतं. "साहेब, हात येईल वापस?"

"बहुतेकांचा येतो. आजपासून एक कणही पोटात जाता कामा नये. दवाखान्यात सुया देतील, दूध द्या. पण महिने लागतील मावशी, घाई नाही करायची."

जानरावला दवाखान्यात ठेवलं. घरी दोघी बायका उरल्या. सदरा बाहेर गेला, पिठाचा डबा चुन्यानं घासून निघाला, जमीन सारवून झाली. सारवता सारवता गयाबाई एकाएकी थांबली आणि तिनं मरोद्याची सारी हकिगत सुनेला सांगून टाकली. दीक्षा घेतलेली सासू नवस बोलून आली, हे ऐकून ललिता चिडेल असं तिला वाटलं होतं.

"काय कबूल केलं तिले?" ललितानं विचारलं.

"शेंदूर."

"ज्यानं हात गेला तोच?"

"तोच ना वो!"

दोघी एकमेकींकडं पाहत राहिल्या, आणि ललिताला आधी हसू आलं. मग गयाबाईलाही. शेणाच्या हातांनी डोळे पुसायची सोय नव्हती, म्हणून दोघी तशाच हसत-रडत बसल्या.

"आता चढवता का मंग?" ललितानं शेवटी विचारलं.

"नाई चढवत. तिच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या आमी तेच थापलं. तिले बिचारीले काय कमी बाधला असन?"

सुयांचं चक्र संपवून जानराव घरी यायचा दिवस ठरला. बोकाऱ्यानं ठेकेदाराकडून त्याला पट्ट्यांच्या कामावर मागून घेतलं होतं. रंग खलायचा नाही, नुसत्या टांगलेल्या पट्ट्या पाहायच्या, गंज कुठवर आला ते सांगायचं. तरी त्या पट्ट्यांवरही शेंदूर होताच. म्हणजे ड्रम आला, माती आली, बाहेर उभं राहणं आलं. गयाबाई दोन दिवस नुसती अंगणातल्या ड्रमाकडं बघत बसली.

कामावरून परतायच्या पहिल्या संध्याकाळी शेजारणी आपापल्या दारात हजर होत्या. म्हातारीचा कायदा पुन्हा सुरू झाला, ही बातमी ओळभर फिरली होती. जानराव लोंबता हात सावरत गल्लीच्या वळणावरून आला आणि सवयीनं ड्रमाजवळ थांबला. पण उंबऱ्यावर कुणीच नव्हतं. "थांब तिथंच," हा आवाज आला नाही.

कारण गयाबाई आत नव्हतीच. ड्रमाच्या पलीकडं, दोन हातांवर, मातीची नवी चूल घातली होती. ओली होती अजून, कडेला बोटांचे ठसे दिसत होते. ललिता चुलीपुढं बसून भाकरी थापत होती, शेजारी गयाबाई. ताटं, पेले, पाट, पाण्याचा माठ, कंदील, चटणीची बरणी, सगळं अंगणात मांडलेलं. खोलीत उरलं होतं काय, तर नुसती खुंटी.

"हे काय आई?" जानराव म्हणाला.

"घर हाय," गयाबाई म्हणाली. "दिसत नाई का?"

ती उठली, लोटा भरून घेतला आणि त्याच्याजवळ आली. त्याचा लोंबता हात आपल्या हातात घेतला, माती लावली, साबण लावला. एकेक बोट, एकेक नख, बोटांच्या रेघा. त्याला लहानपणी न्हाऊ घालायची तशी ती पुटपुटत होती, पण रागवत नव्हती. कानामागं तिनं स्वतःच ओला पदर फिरवला. शेजारणी थोडा वेळ पाहत राहिल्या. हसण्यासारखं काही मिळालं नाही, तेव्हा एकेक करून आत गेल्या. एकीनं मात्र जाता जाता आपल्या नवऱ्याला हाक मारून विचारलं, "तुमी बी तेच लावता का वो तिथं, लाल लाल?"

त्यानंतर त्या घरात जेवण अंगणातच होऊ लागलं. हात धुऊन झाला की गयाबाई रोज म्हणे, "वर कर." जानराव करून पाही. पहिले कित्येक दिवस काहीच झालं नाही. मग बोटं हलू लागली. मग एक दिवस पंजा थरथरत थोडा उचलला आणि पुन्हा पडला. गयाबाई त्या दिवशी जेवली नाही, इतका तिला आनंद झाला.

बोकारे अधूनमधून सायकलवरून येई. चुलीपाशी बसून जवसाची चटणी-भाकरी खाई आणि आपल्या पट्ट्यांच्या गोष्टी सांगे. एकदा मोठ्या उत्साहात आला. जस्ताच्या भुकटीचा एक नवा रंग हाती आला होता. त्यात शिसं नाही, जवसाचं तेलही नाही. तेलाच्या जागी प्रयोगशाळेत तयार केलेली राळ. नखरेल फार. शेंदूर कसा, गंज नीट निघाला नाही तरी चालवून घेतो. याला लोखंड वाळूच्या माऱ्यानं घासून चकचकीत केल्याशिवाय धरवत नाही. म्हणून ठेकेदार नाकं मुरडत होते. पण ओरखडा काढलेल्या पट्टीवर शेंदूर हरला होता आणि जस्त जिंकलं होतं.

"गंमत काय आहे, मावशी," बोकारे भाकरीचा तुकडा हातात तसाच धरून सांगू लागला, "हा रंग पाण्याला नुसता अडवत नाही. ओरखडा पडला, पाणी आत आलं, की लोखंडाच्या आधी जस्त स्वतः झिजायला लागतं. आपण संपत जातं, पण जवळ आहे तोवर लोखंडाला गंजू देत नाही. आहे की नाही नवं?"

गयाबाईनं त्याच्या ताटात दुसरी भाकरी टाकली.

"मंग त्यात नवं काय?" ती म्हणाली.

बोकाऱ्याची नजर जानरावकडं गेली, ड्रमाकडं गेली, आणि तो हातातला तुकडा चटणीला लावू लागला.

शेडच्या पुढच्या तुळयांना जस्ताचा रंग लावायचं पुढं ठरलं. सगळीकडं नाही, शेंदूर असा एका दिवसात जात नसतो. पण एका टोकाला सुरुवात झाली. पट्ट्यांच्या कामातून उरलेला थोडा रंग बोकाऱ्यानं जानरावला दिला. अंगणातल्या चुलीवर छप्पर हवं होतं, आणि त्यासाठी जानरावनं कुठून तरी मोडीतला काळा पत्रा आणून चार लाकडी बल्ल्यांवर चढवला होता. दोन दिवस तो घासून त्यानं आरशासारखा केला.

रविवारी सकाळी तो शिडीवर चढला. आजारानंतर पहिल्यांदाच त्यानं ब्रश धरला होता. ललितानं शिडी धरली. गयाबाई भाकरी थापत होती, म्हणजे थापत असल्याचं दाखवत होती. तव्यावरची भाकरी केव्हाच करपली होती. ब्रश डब्यात बुडाला, वर गेला, आणि वरच राहिला. राखाडी पट्टा पत्र्यावरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सरळ ओढला गेला, पट्टी न लावता. गयाबाईनं पत्र्याकडं एकदाही पाहिलं नाही. ती मनगटाकडं पाहत होती.

काम आटोपून जानराव खाली उतरला. हात कोपरापर्यंत राखाडी झाले होते.

"आई, यात शिसं नाई," तो म्हणाला. "आता माझ्या पट्ट्यांवर बी हाच रंग, बाहेर थांबायची गरज नाई कोणाले. चूल आत न्यायची का?"

"तुले आत जायचं असन तर जाय."

"अन् तुमी?"

"आमी इथंच हावो," गयाबाई म्हणाली. "आमाले बाहेर बरं वाटते आता."

जानराव हसला. आत गेला नाही. ड्रमाजवळच्या दगडावर बसला आणि त्यानं दोन्ही हात आईपुढं धरले, मनगटापासून सरळ. गयाबाईनं लोटा उचलला.